अमोलिक सरांची मरळ

श्रीरामपुरात ज्याला मासे खायचे असतात तो बाजारात जातो, मासळीवालीशी दोन शब्द भांडतो, पिशवी गाडीच्या हँडलला अडकवतो आणि घरी येतो. हा सरळ रस्ता गावातल्या लहानथोरांना ठाऊक आहे. कृपादान अमोलिक सरांनाही ठाऊक होता. उभा जन्म भूगोल शिकवण्यात गेलेल्या माणसाला बाजाराची वाट ठाऊक नव्हती असं म्हणणं म्हणजे त्या विषयावरच शिंतोडे उडवण्यासारखं आहे. पण फोनवर बोलता बोलता माणसाच्या तोंडून एखादं वाक्य निसटतं, आणि मग त्या वाक्याची अब्रू राखण्यात अख्खा उन्हाळा जातो. सरांच्या तोंडून निसटलेलं वाक्य असं होतं: "ताई, तू ये तर खरी. मरळ मी स्वतः गळानं धरून आणतो."

ताई म्हणजे सरांची थोरली बहीण, ग्रेस. मिरजेला दवाखान्यात नर्स होती, मेट्रन होऊन निवृत्त झाली आणि तिथंच मुलाकडे राहिली. दिवाळीच्या सुमाराला तिला बारीक ताप आला. बरेच दिवस राहिला. मग गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. वरण खाल्लं काय आणि भिजलेला पुठ्ठा खाल्ला काय, तिला सारखंच लागे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या उत्तम निघाल्या, आणि ताई मात्र वाळत चालली. जिनं जन्मभर पेशंटांना दटावून दटावून पेज पाजली, ती आता ताटातला भात चमच्यानं कडेला सारून त्यावर पापडाचा तुकडा झाकून ठेवायची. हे मुलानं सरांना फोनवर सांगितलं. मग ताई स्वतः फोनवर आली आणि सहज बोलून गेली, "बाबा आणायचे तसली मरळ असती ना कृपा, तर कदाचित चार घास गेले असते."

त्यावर सरांनी ते वाक्य उच्चारलं.

स्वयंपाकघरातून सिल्व्हियाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ते ऐकलं. त्या बाहेर आल्या आणि हात पुसत म्हणाल्या, "लेंटच्या उपासात माणसं काहीतरी सोडतात. तुम्ही धरायला निघालात."

"तुला माझं लहानपण ठाऊक नाही," सर म्हणाले.

"ठाऊक आहे. दर रविवारी जेवताना ऐकते."

सरांचं लहानपण बेलापूरच्या अलीकडे प्रवरेच्या काठानं गेलं होतं. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर. शनिवारी शाळा सुटली की ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडत, बांबूची काठी खांद्यावर टाकत आणि दोन्ही पोरांना घेऊन डोहावर जात. डोहावर करंजाच्या झाडांची सावली पडलेली असे, पाणी हिरवं-काळं आणि इतकं शांत, की मरळ श्वास घ्यायला वर आली की 'बुळुक' असा आवाज यायचा आणि तिघांचेही श्वास थांबायचे. संध्याकाळी आई मरळीला राख चोळून तिचा बुळबुळीतपणा घालवायची. मग चुलीत भाजलेला कांदा, सुकं खोबरं, धने. त्या रश्शाचा वास मिशनच्या चाळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि शेजारच्या घरांतली माणसं काही ना काही कारण काढून वाटी घेऊन यायची. सरांना त्यातला एक शनिवार फार स्पष्ट आठवे. त्या दिवशी काठी आपल्या हातात होती, काठी वाकली होती, आणि हातभर लांबीची मरळ आपणच ओढून काढली होती. या आठवणीवर त्यांनी संसारातले अनेक अपमान निभावून नेले होते.

तेव्हा मरळ धरणं ही काही अवघड गोष्ट नव्हती. फक्त गळ हवा होता.

गल्लीत कोणाला गळ हवा असेल तर त्यानं तो गुपचूप आणावा. सरांनी शेजारच्या कल्याणराव गाडे यांना विचारलं. हे कल्याणराव साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यामुळं जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांना बोलायला वेळ असे. ते म्हणाले, "गळ नको सर. गळानं मासा धरणं म्हणजे एकेका उसाची मोळी बांधण्यासारखं. जाळं घ्या." दुसऱ्या दिवसापर्यंत अख्ख्या गल्लीला बातमी लागली होती. इस्त्रीवाल्यानं कणकेत हिंग घालायला सांगितलं. पतसंस्थेतल्या एकानं सांगितलं की मरळीला माणसाच्या सावलीची भीती वाटते, म्हणून पोटावर झोपून गळ टाकावा. चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सरांचा हात हातात घेऊन धीर दिला, तो इतक्या गंभीरपणानं, की मागच्या बाकावरच्या दोघीतिघींना वाटलं सरांचं ऑपरेशन आहे.

सर मोबाईलवर व्हिडिओ बघू लागले. त्यांत अमेरिकेतले लालबुंद गडी स्वच्छ तळ्यांवर होड्यांत बसून बास आणि ट्राउट नावाचे मासे धरत, त्यांच्यासोबत फोटो काढत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. सिल्व्हियाबाईंना हा शेवटचा प्रकार काही पटला नाही. "सोडायचेच होते तर उठवलं कशाला त्यांना," त्या म्हणाल्या. कल्याणरावांना तर माशाचं नावच पटलं नाही. "बास नावाचा मासा? म्हणजे एक धरला की झालं. पुढं धरायचं कामच नाही."

शेवटी गळ ऑनलाइन मागवला. खोकं आलं. त्यातून एकात एक बसणारी काळी कुळकुळीत काठी निघाली, चकचकीत रीळ निघालं, आणि एका पुडीत हिरवा रबरी बेडूक निघाला. बेडकाच्या पोटाखाली दोन वाकडे गळ दडवलेले होते आणि पाठीमागं दोन रबरी झिपऱ्या पायांसारख्या लोंबत होत्या. पुडीवर बासचं चित्र होतं. बास आणि मरळ दोघंही बेडूक खातात, तेव्हा एकाचं जेवण दुसऱ्याला चालायला हरकत नाही, असा सरांनी विचार केला. हाताळताना तो बेडूक फारच खरा वाटला म्हणून त्यांनी तो एकदा हळूच टेबलावर ठेवून पाहिला. सिल्व्हियाबाई चहा घेऊन येत होत्या. त्या दिवशी सरांना चहा मिळाला नाही.

आता सराव. व्हिडिओत सांगितलं होतं की मनगट सैल ठेवून काठी मागं न्यावी आणि घड्याळात दहा वाजल्यासारखं पुढं आणून दोरा सोडावा. सर गच्चीवर गेले. पहिल्या वेळी बेडूक त्यांच्या स्वतःच्या कॉलरला लागला. दुसऱ्या वेळी केबलच्या वायरला. तिसऱ्यांदा मनगट अगदी पाहिजे तसं सैल पडलं, रीळ गुणगुणलं, बेडूक निळ्या आभाळात सुरेख कमान करून गेला आणि शेजारच्या गच्चीवर जाऊन पडला. तिथं कल्याणरावांच्या पत्नी लंकाबाई यांनी जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. सरांना वाटलं बेडूक अडकला आहे, म्हणून त्यांनी जोरानं रीळ फिरवलं. अडकलाच होता. लुगड्याच्या काठाला. कुरडयांसकट ते लुगडं कठड्याच्या दिशेनं सरकू लागलं.

लंकाबाई काष्टीकडच्या शेतकरी घरातल्या. त्या कुरडया राखत तिथंच सावलीला बसल्या होत्या. त्यांनी सरकणाऱ्या लुगड्याकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "सर, कुरडई पायजे हुती तर मागायची. गळ टाकायची काय गरज हुती?"

त्या वाक्याचं पुढं गल्लीत काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. सर कित्येक दिवस दूध आणायला मागच्या बोळातून जात होते.

लुगडं सुटलं, गळ सुटला आणि सर प्रवरेवर गेले. एकटेच गेले, जुना डोह शोधायला. स्कूटर लावून ते खाली उतरले तेव्हा वाट वेड्या बाभळींनी भरून गेली होती. करंजाची झाडं नव्हती. वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे पडले होते, आणि पाणी म्हणाल तर एका खड्ड्यात म्हैस बसेल एवढं, त्यात म्हैस बसलेली. वरच्या शेतात छबूबाई नावाची एक म्हातारी गुरांसाठी घास कापत होती. सरांनी विचारलं, "इथं डोह होता ना?"

"हुता की," ती म्हणाली. "धरनाचं आवर्तन सुटलं की चार दिस असतो. मग जातो."

"कुठं जातो?"

"आता ते तुमालाच ठावं. तुमी मास्तर दिसताय."

प्रवरा कुठं उगम पावते, किती गावांवरून जाते आणि गोदावरीला कुठं मिळते, हे सरांनी फळ्यावर इतक्यांदा काढलं होतं की डोळे मिटून काढता आलं असतं. फळ्यावरच्या नदीत नेहमी पाणी असायचं, निळ्या खडूचं. सर थोडा वेळ म्हशीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी पायातले काटे काढले आणि ठरवलं, की मुळा धरण.

मुळा धरण राहुरीजवळ, आणि तिथल्या फुगवट्यात मरळ आहे असं सगळेच सांगत. पण सर कायद्याचा माणूस. परवानगीशिवाय त्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावरची चिंच उचलली नव्हती. ते राहुरीला पाण्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "पाणी आमचं आहे. मासे आमचे नाहीत." मग सर नगरला मासळीच्या कार्यालयात गेले. शहराचं नाव बदललं तरी एसटीचा कंडक्टर नगरच म्हणाला आणि सरांनीही तेच मागितलं. तिथल्या कारकुनानं अर्ज पुढं ओढला.

"कारण काय लिहू?"

"बहिणीच्या तोंडाला चव नाही."

कारकुनानं 'वैद्यकीय' असं लिहिलं. मग म्हणाला, "वैद्यकीयला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं."

"मग हौस लिहा."

"हौसेला आमच्याकडं रकाना नाही."

शेवटी कारकुनालाच दया आली. त्यानं सांगितलं, की धरणातली मासेमारी मच्छीमार सोसायटीकडे आहे, त्यांच्या सेक्रेटरीला फोन लावा. सेक्रेटरी फोनवर कुठल्या तरी लग्नात होता. मागं बँड वाजत होता. त्यानं ओरडून विचारलं, कोणता मासा. सरांनी ओरडून सांगितलं, मरळ. अख्ख्या कार्यालयानं मान वर केली. "मरळ आम्ही सोडलेली नाही," सेक्रेटरी म्हणाला. "आम्ही रोहू, कटला सोडतो. मरळ आपसूक आलेली आहे. तिच्याबद्दल आम्ही हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही." एवढं बोलून तो नवऱ्या मुलाकडे गेला असावा. सरांनी याचा अर्थ परवानगी असा लावला. भूगोलात सीमारेषा तुटक दाखवलेली असली की असंच काहीतरी असतं.

तेवढ्यात ताई आली.

तिला स्टेशनवर घ्यायला गेलेल्या सरांनी डब्यातून उतरणाऱ्या माणसांत तिला शोधलं आणि ती समोरून गेली तरी ओळखलं नाही. ताई मुळात दणकट बाई. वॉर्डात तिच्या चपलांचा आवाज आला की पेशंट उशा नीट करत असत म्हणे. आता बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ती हसली आणि म्हणाली, "काय रे, धरलीस का मरळ?"

"उद्या-परवा," सर म्हणाले.

सिल्व्हियाबाई व्यवहारी. त्यांनी कुणाला न सांगता बाजारातून मरळ आणली, सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे राख चोळली, कांदा गॅसच्या जाळीवर भाजला आणि दुपारी ताईसमोर रश्शाची वाटी ठेवली. घरभर तोच वास. सरांना क्षणभर चाळच दिसली. ताईनं एक चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाली, "छान झालंय हं सिल्व्हिया." नर्सबाई पेशंटला 'छान आहे, आता बरं वाटेल' म्हणतात ना, तो आवाज. मग तिनं चमचा वाटीच्या कडेला टेकवून ठेवला. सिल्व्हियाबाई वाटी उचलून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सरांनी त्या दुपारी काठी काढून पुसली. गल्ली हसत होती ती हसत राहू दे. आता हा प्रश्न गल्लीचा राहिला नव्हता. खरं तर बाजारातल्या मरळीनं झालं नाही ते धरलेल्या मरळीनं कसं होणार, हा प्रश्न कुणीही विचारला असता. सरांनी तो स्वतःला विचारला नाही. काही प्रश्न विचारले की माणसाला करायला काही उरत नाही.

ठरलं होतं ते असं, की सरांनी आणि कल्याणरावांनी सकाळी कल्याणरावांच्या जुन्या ओम्नीतून जायचं आणि दुपारपर्यंत यायचं. पण ताई म्हणाली, मी पण येते, घरात बसून तरी काय करू. ताई येते म्हटल्यावर सिल्व्हियाबाई आल्या. त्या येतात म्हटल्यावर लंकाबाईंनी विचारलं, "आन तितं जेवान कोन देनार?" आणि भाकऱ्यांचं टोपलं मांडीवर घेऊन बसल्या. मग सतरंजी, छत्री, पाण्याचा जार, कल्याणरावांची आरामखुर्ची. गळाच्या काठीला गाडीत जागा उरली नाही. ती खिडकीतून बाहेर काढावी लागली आणि राहुरीच्या चौकात एका पोलिसानं तिच्याकडे बघून, काहीतरी विचारावं की नाही याचा बराच विचार केला.

मार्च सरत आला होता. धरणाचं पाणी मागं हटलं होतं आणि मोकळ्या झालेल्या गाळात कुणीकुणी काकड्या, कलिंगडं लावली होती. पाणी निळं, लांबच लांब, पलीकडच्या डोंगरापर्यंत गेलेलं. काठाला एक मोठी बाभूळ होती. तिच्या सावलीत सतरंजी पडली. सर काठी जोडू लागले तोच वरून एक माणूस शिट्टी वाजवत उतरला. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, हातात काठी.

"हितं मासं धरायला बंदी हाय," तो म्हणाला. "मी सोसायटीचा राखनदार. छगन."

सरांनी सेक्रेटरीचं 'हो पण नाही आणि नाही पण नाही' त्याला समजावून सांगितलं. छगननं ते लक्षपूर्वक ऐकलं. "मंजी हो का न्हाई?"

"तेच तर."

"कंचा मासा?"

"मरळ. तुम्हाला माहीतच असेल ती कुठं बसते."

"मला कुठलं म्हाईत," छगन म्हणाला. "मी माळकरी. मासा दिसला तरी मी तोंड फिरवितो. पोरानं नोकरी लावली म्हनून करतो." मग त्याला एकदम मार्ग सुचला. "आसं करा. तुमी धरा. मी तिकडं तोंड करून बसतो. मला दिसलं न्हाई तर मी काय करनार." आणि तो खरंच पाठ फिरवून, कलिंगडांकडे तोंड करून, कल्याणरावांच्या आरामखुर्चीत बसला. कल्याणराव उभे राहिले. आपल्याच खुर्चीवरून उठा कसं म्हणायचं, हे टाइम ऑफिसात कुणी शिकवलं नव्हतं.

सरांनी बूट काढले आणि व्हिडिओतल्या गड्यांच्या ऐटीत दोन पावलं पुढं गेले. गाळ वरून वाळलेला, खाली मऊ. तिसऱ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर डावा गेला. सर पाण्याच्या अलीकडेच रोवले गेले, एका हातात काठी उंच धरून, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पुतळ्यासारखे. कल्याणराव काठावरून सूचना देऊ लागले: उजवीकडं झुका, डावीकडं झुका, श्वास सोडा. सर झुकले, श्वास सोडला आणि सावकाश, मोठ्या इभ्रतीनं, बसते झाले.

मागून एक आवाज आला. सरांना आधी कळेना कसला. मग कळलं, ताई हसत होती.

शेवटी सगळ्यांनी मिळून सरांना ओढून काढलं. छगनही आला, माणूस ओढायला माळेची हरकत नव्हती. सर सतरंजीच्या कडेला चिखल निथळत बसले. ताईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "अगदी तसाच आहेस. डोहावर पण असंच व्हायचं."

"डोहावर?" सर म्हणाले. "डोहावर मी मरळ ओढली होती ताई. हातभर. विसरलीस?"

"तू?" ताई म्हणाली. "मरळ मी ओढली. तू झाडाखाली झोपला होतास, तोंडात पेरूचा तुकडा तसाच."

"काहीतरीच. काठी माझ्या हातात होती. मला स्पष्ट आठवतं."

"काठी तुझ्या हातात कधी देत होते बाबा? तू बेडूक सोडून द्यायचास." ताई आता नीट मांडी घालून बसली. तिच्या आवाजात वॉर्डातली धार आली होती. "सिल्व्हिया, तुला सांगितलं का यानं? बाबा डब्यात बारीक बेडूक धरून आणायचे, मरळीसाठी. हा त्यांना नावं ठेवायचा. बायबलमधल्या संदेष्ट्यांची. एक नहूम, एक हबक्कूक. बाबा एखाद्याला गळाला लावायला गेले की हा भोकाड पसरायचा, हबक्कूकला नको, हबक्कूकला नको. आणि बाबा मास्तर माणूस. ते नाव घेतल्यावर त्यांचा हात चालेना. मग सगळे बेडूक सोडायचे आणि कणीक लावून बसायचं."

लंकाबाई पोट धरून हसत होत्या. सिल्व्हियाबाई सरांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात दर रविवारच्या जेवणाचा हिशेब नव्हता. काहीतरी वेगळंच होतं. सरांनी आठवून पाहिलं. वाकलेली काठी अजून स्पष्ट दिसत होती, पण ती कुणाच्या हातात होती तिकडे नजर नेली की ऊन यायचं. आणि तोंडात पेरूची चव मात्र आली, बियांसकट. जन्मभर सांभाळलेली मरळ अशी भर दुपारी ताईनं काढून घेतली. सरांना राग यायला हवा होता. त्यांनी थोडा वेळ वाटही पाहिली. मग ते काठी घेऊन उठले आणि म्हणाले, "बरं. मग आज धरतो."

या खेपेला ते खडक बघून उभे राहिले. मनगट सैल. रबरी बेडूक पाण्यावर गेला आणि पाणगवताच्या कडेला टपकन पडला. सरांनी सावकाश रीळ फिरवलं. बेडूक झिपरे पाय हलवत आला. पुन्हा टाकला. पुन्हा आला. मागं बाभळीखाली गप्पा चालल्या होत्या; ताई आता बाबांच्या सायकलचं काहीतरी सांगत होती, मध्येच कल्याणराव कारखान्याचं काहीतरी घुसडत होते आणि ताई त्यांना थांबवत होती. ऊन चढलं. उथळ पाण्यात एक करकोचा सरांसारखाच उभा होता आणि त्यालाही काही मिळत नव्हतं. कितव्या तरी वेळी सरांना वाटलं, आता पुरे.

तेव्हा गवताच्या कडेला आवाज आला. बुळुक.

सरांचा श्वास थांबला. बेडूक त्या जागेपासून हातभर होता. त्यांनी रीळ अगदी जरासं फिरवलं. पाणी एकदम फुटलं, काळी रुंद पाठ वळली आणि काठीचं टोक खाली गेलं. दोरा ताणला, रीळ किंचाळलं, हाताला असा झटका बसला की खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. हे स्वप्न नव्हतं. ही काठी आत्ता, या घटकेला, कृपादान अमोलिक यांच्या हातात वाकली होती. साक्षीदार हवे होते. सर्वांत आधी ताई हवी होती. सरांनी तोंड उघडलं आणि मागं वळून पाहिलं.

ताई जेवत होती.

लंकाबाईंनी गप्पांच्या भरात भाकरी मोडून सगळ्यांच्या हातावर दिली असावी. ताईच्या डाव्या हातात अर्धी भाकरी होती, तिच्यावर ठेचा. ती बोलत होती, बोलता बोलता तुकडा मोडत होती, ठेच्याला लावत होती आणि तोंडात टाकत होती. आपण काय करतोय हे तिला ठाऊक नव्हतं. सिल्व्हियाबाईंना ठाऊक होतं. त्या स्वतःचा घास हातात तसाच धरून दगडासारख्या बसल्या होत्या. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. इतकी थोडी, की मान हलली की वारा आला, कळू नये.

सरांनी उघडलेलं तोंड मिटलं. हाक मारली असती तर ताई उठली असती, भाकरी खाली ठेवून धावत आली असती. आणि मग ती भाकरी पुन्हा हातात घेतली असती का, कुणी सांगावं. मरळ ओढत होती. व्हिडिओत सांगितलं होतं की अशा वेळी रीळ फिरवावं, काठी उंच ठेवावी, पाय रोवावेत. सर काहीच न करता उभे राहिले. ते बहिणीकडे बघत होते. तिनं उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडला. दोरा गवतात शिरला, एकदा जोरानं थरथरला आणि तुटला.

थोड्या वेळानं ते काठी घेऊन सावलीत आले. कल्याणरावांनी दोऱ्याचं मोकळं टोक पाहिलं. "काय सर, बेडूक कुठाय? काय लागलं होतं का?"

गल्लीत, चर्चमध्ये, मासळीच्या कार्यालयात सुद्धा सांगता आली असती अशी गोष्ट होती ती. कुरडयांचं सगळं उट्टं एका दिवसात निघालं असतं.

"नाही," सर म्हणाले. "गवतात अडकला." आणि ते सतरंजीच्या टोकाला बसले.

छगन कलिंगडांकडे तोंड करून भाकरी खात होता. कल्याणराव म्हणाले की जाळं आणलं असतं तर ही वेळ आली नसती. लंकाबाईंनी टोपल्यातून आणखी एक भाकरी काढून ताईच्या पुढं धरली. ताईनं ती घेतली, मोडली, ठेच्याला लावली आणि तोंडात टाकून चावता चावता थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली. सिल्व्हियाबाईंनी सरांचं चिखलानं भरलेलं मनगट घट्ट धरलं.

"लंकाबाई," ताई म्हणाली, "राग मानू नका. पण ठेच्यात मीठ जास्त पडलंय."

लंकाबाईंच्या ठेच्याला काष्टीपासून श्रीरामपूरपर्यंत आजवर कुणी बोट लावून नाव ठेवलं नव्हतं. त्या क्षणभर ताईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "व्हय ताई. लई जास्त पडलंय."